पाच अक्षरी शब्द, शेवटी ए-टी-सी-एच… आणि आमचे अण्णा

तिसरी_आडवी | रविवार, सकाळी ९:१२

मंडळी, मदत पाहिजे. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी वर्डलचे हिरवे-पिवळे चौकोन येऊन पडतात. पुण्याची आत्या, हैदराबादचा भाचा, मी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७४. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, प्रयत्न सहा. अक्षर आपल्या जागी बरोबर बसलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नाहीच तर राखाडी.

परवा माझी ४१ दिवसांची साखळी तुटली. दुसऱ्या प्रयत्नात बॅच टाकला आणि शेवटची चारही अक्षरं हिरवी झाली. ए-टी-सी-एच. म्हटलं, झालं काम. चहा ठेवला. मग मॅच टाकला, नाही. कॅच, नाही. पॅच, नाही. लॅच, नाही. उत्तर होतं वॉच. माझ्या मनगटावर घड्याळ होतं हो त्या वेळी!

अण्णांनी तोच शब्द चौथ्या प्रयत्नात काढला. अण्णांचं शिक्षण मराठी माध्यमातून, जुनी अकरावी. गेल्या महिन्यात त्यांनी 'व्हिस्क' बरोबर ओळखला आणि मग मला विचारलं, "म्हणजे काय गं?" मी म्हटलं, फेटायचं ते, आपली रवीच की. "असं होय," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

तर अशा शब्दांच्या याद्या कुणाकडे आहेत का? शेवट सारखा असलेले, मध्ये ठरावीक अक्षर असलेले, काहीही चालेल. पाठ करते. एकदा तरी अण्णांना हरवायचंय. (मोबाइलवर सारखं रोमनला जायचा कंटाळा येतो, म्हणून अक्षरांची नावंच लिहितेय. सांभाळून घ्या.)

पार्कचौकी | रविवार, सकाळी ९:४०

ताई, या खड्ड्यात सगळेच पडतात. ए-टी-सी-एचवाले सात: बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. आय-जी-एच-टीवाले आठ: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. ओ-यू-एन-डीवालेही आठ: बाउंड, फाउंड, हाउंड, माउंड, पाउंड, राउंड, साउंड, वूंड. शेवटचा जखमेचा, त्याचा उच्चार बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून तो आठवत नाही. मी शिक्षक आहे, मुलांना हाच शब्द घालून दमवतो.

शेंगाचटणी | रविवार, सकाळी १०:०५

सुरुवात 'अड्यू'नं करा. ए-डी-आय-ई-यू. पाचात चार स्वर, एका फटक्यात निकाल. 'ऑडिओ' पण चालतो. मी दोन वर्षं हेच करते.

पार्कचौकी | रविवार, सकाळी १०:११

आणि किती वेळा हरता?

शेंगाचटणी | रविवार, सकाळी १०:१४

तो प्रश्न नव्हता.

हुतात्मा_खिडकी | सोमवार, सकाळी ७:५२

गाडीतून लिहितोय, कुर्डुवाडी मागं पडली, रेंज असेल तोवर उरकतो.

तिसरी_आडवी, तुमची चूक यादीची नाही. चार अक्षरं हिरवी झाली की माणूस हावरट होतो आणि पाचवं बदलत बसतो. एका प्रयत्नात एकच शब्द बाद होतो. त्याऐवजी तिसऱ्या वेळी मुद्दाम न जुळणारा शब्द टाकायचा. तुमच्याकडे बॅच बाद झाल्यावर सहा शब्द उरले होते. तिथं 'क्लॅम्प' टाका, सी-एल-ए-एम-पी. पहिला सी हिरवा झाला तर कॅच. एल पिवळा झाला तर लॅच, एम झाला तर मॅच, पी झाला तर पॅच. यातलं काहीच नाही झालं तर हॅच आणि वॉच दोनच उरतात. म्हणजे जास्तीत जास्त पाचव्या प्रयत्नात घरी. आय-जी-एच-टीसाठी 'फिल्म्स' तसाच: एफ, एल, एम, एस एका घासात. खेळाच्या अवघड प्रकारात मात्र हे चालत नाही, तिथं सापडलेली अक्षरं पुढच्या प्रयत्नात वापरावीच लागतात.

शेंगाचटणीताई, अड्यूबद्दल. स्वर कुठले ते कळतं, पण ए आणि ई इतक्या शब्दांत असतात की कळून फार काही हाती लागत नाही. शब्द एकमेकांपासून वेगळे पडतात ते आर, टी, एल, एस, एन यांच्यामुळं. मूळ खेळात उत्तराचे शब्द होते २३१५. त्यांत सगळ्यात जास्त ई, मग ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन. यू बराच खाली. म्हणून हिशेब करणारी मंडळी स्लेट, क्रेन, ट्रेस असल्या शब्दांनी सुरुवात करतात. एस सुरुवातीला ठेवलेला बरा, कारण नुसता एस लावून केलेलं अनेकवचन उत्तर म्हणून येत नाही. टाकलं तर खेळ घेतो, पण उत्तर ते नसतं.

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ८:३०

बरं. पण अड्यू सोडणार नाही.

विजापूरवेस | सोमवार, दुपारी २:२०

मला क्यूचे शब्द आवडतात. सगळे म्हणतात क्यूच्या मागं यू आलाच पाहिजे. मग हे पाहा, सगळे पाच अक्षरी, इंग्रजी शब्दकोशातले आणि यू नसलेले: फकीर, तलाक, नकाब, किब्ला, कनात. शेवटचा तंबूचा कनात नव्हे हं, इराणकडचा जमिनीखालून पाणी आणणारा पाट. आमच्या घरात यातले चार शब्द लहानपणापासून कानावर आहेत आणि भाचीला इंग्रजी शाळेत ते 'अवघड शब्द' म्हणून शिकवलेत.

शेवटी जे असलेले शब्दही तसेच. इंग्रजीत बहुतेक आपल्याकडचे किंवा अरबीतून गेलेले: राज, ताज, हज, स्वराज. इंग्रजाला स्वतःला शेवटी जे लिहायला जमत नाही, तो जी-ई किंवा डी-जी-ई लिहितो. ब्रिज बघा, एज बघा.

सांगोला_डाळिंब | सोमवार, दुपारी २:३१

अकलूज! पाच अक्षरी, शेवटी जे, एकही अक्षर दोनदा नाही. आणि आमची उजनीसुद्धा पाचच, यू-जे-ए-एन-आय. विशेषनामं घेत नाहीत म्हणून वाचले, नाहीतर अख्खं जग अडकलं असतं.

जॅकार्डवाले_काका | सोमवार, रात्री ८:४५

मी हा खेळ खेळत नाही, नातू खेळतो. पण तुमचे चौकोन बघून मला आमची कार्डं आठवली. चादरीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर काढायचं. मोराचा एकेक पिसारा चौकोन रंगवून रंगवून. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डं एकामागोमाग शिवून मागावरच्या जॅकार्डवर चढवायची. भोक आलं की हूक वर जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा धागा वर. भोक नाही, धागा खाली. फ्रान्समधल्या लियॉनच्या जॅकार्डनं हे यंत्र १८०४ च्या सुमारास बसवलं, आणि आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात अजून खडखडतंय.

नवीन पोरगा कामाला आला की त्याला फक्त भोकं दिसतात. कोऱ्या जागेकडं तो बघत नाही. पण चादरीवर मोर दिसतो तो धागा जिथं खाली राहिला तिथल्यामुळंही. नातवाला म्हटलं, तुझे राखाडी चौकोन म्हणजे न पाडलेली भोकं. तीन राखाडी आले की तो कपाळाला हात लावतो. अरे, तीन अक्षरं कायमची गेली, केवढं काम झालं!

हुतात्मा_खिडकी | सोमवार, रात्री ९:३०

काका, हे मी हापिसात सांगणार. हिशेबाच्या भाषेत हेच सांगायला मला फळाभर आकडे लागतात.

तिसरी_आडवी | मंगळवार, सकाळी १०:२६

काल जेवणं झाल्यावर अण्णांना तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. याद्या ऐकून हसले. मग म्हणाले, "तो पेपर आण इकडं."

पेपराच्या कोऱ्या कडेला पेनानं एक आडवी चौकट काढली. तिच्यात वेडेवाकडे खण पाडले. मधोमध एक ऐसपैस खण. "हा ईचा." त्याच्या आजूबाजूला ए, एन, टी, ओ, आय, एस, आर. पार कडेला काड्यापेटीएवढे जे, झेड, क्यू, एक्स.

सांगायचं राहिलं. अण्णा २६ वर्षं छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल. गावात तीन-चार भाषा, त्यामुळं काम कुठल्याही लिपीत यायचं. इंग्रजी आलं की अण्णांच्या वाट्याला, कारण त्यांचा हात त्या केसवर (खिळे ठेवायची खणांची पेटी) सगळ्यात जलद चालायचा. अर्थ कळायचा नाही. "अर्थाशी काय करायचंय, मालकानं लिहून दिलेलं जुळवायचं," म्हणतात.

मग डोळे मिटले. डाव्या हातात काठी धरल्यासारखी मूठ केली (खिळे ज्यात रचतात तिला ते स्टिक म्हणतात) आणि उजवा हात टेबलावरनं फिरवायला लागले. "डब्ल्यू उचलला. आता हात कुठं जाईल? ए, एच, आय, ओ, ई, फार तर आर. बाकीकडं सहसा वळतच नाही. टी उचलला की पुढं एच, आर, ओ, ई… टीनंतर सी आला तर त्याच्यामागं एच आलाच समज." माझ्या डोक्यात शब्द असतात, त्यांच्या बोटात अक्षरांची शेजारपाजार आहे. खिळे उलटे रचायचे, डोकं खाली पाय वर, त्यामुळं शब्द शब्दासारखा दिसायचाच नाही. एन आणि यू, बी आणि क्यू असले घोटाळे सांभाळत एकेक अक्षर सुटं बघायची सवय.

आणि एक गंमत. एफ-आय, एफ-एल, दोन एफ असे जोड खिळे असतात, दोन अक्षरं मिळून एकच खिळा. त्यामुळं अण्णांच्या हिशेबात फाइट हा चार खिळ्यांचा शब्द आणि फ्लाइट पाच खिळ्यांचा. सुरुवातीच्या दिवसांत एकदा वर्डलमध्ये फ्लाइट टाकायला गेले, शेवटचा टी काही बसेना. "मोबाइल बिघडला" म्हणून भाच्याला हैदराबादला फोन!

इंग्रजी स्मरणिका आली की अर्ध्यावर ई संपायचा, असंही सांगितलं. मग छापून झालेलं पान सोडवायचं, खिळे परत खणात टाकायचे आणि पुढं जायचं. "ई संपला की मालक ओरडायचा, जसा काय मी खाल्ला."

हुतात्मा_खिडकी | मंगळवार, सकाळी ११:०२

अहो हा खजिना आहे! अण्णांची चौकट म्हणजे अक्षरांच्या वारंवारितेचा नकाशा. लाइनोटाइप या खिळे जुळवायच्या यंत्राचा कीबोर्डसुद्धा असाच होता, डावीकडचे पहिले दोन उभे रकाने वाचले की ई-टी-ए-ओ-आय-एन आणि एस-एच-आर-डी-एल-यू. सगळ्यात जास्त लागणारी अक्षरं क्रमानं. मोर्सच्या संकेतात ईला नुसता एक टिंब दिलाय तो त्याच कारणानं.

फक्त एक फरक. छापलेल्या मजकुरात टी आणि एच इतके वर येतात ते टी-एच-ई 'द'मुळं, तो शब्द दर ओळीत डोकावतो. शब्दकोशातले शब्द एकेकदा मोजले तर एच घसरतो, आर आणि एल वर येतात. म्हणजे अण्णांच्या हाताला थोडा एच जास्त लागत असणार. विचारून बघा, पहिला शब्द कोणता टाकतात.

तिसरी_आडवी | मंगळवार, सकाळी ११:१५

तुम्ही ज्योतिषी आहात का? रोज 'अदर'. ओ-टी-एच-ई-आर. म्हणतात हा इतक्या वेळा जुळवलाय की हात आपोआप जातो.

हुतात्मा_खिडकी | मंगळवार, सकाळी ११:१९

त्यांना म्हणावं 'लेटर' टाका, उशिराचा. एल-ए-टी-ई-आर. ओ आणि एच काढून एल आणि ए. नक्की फरक पडेल.

पार्कचौकी | मंगळवार, दुपारी १:००

अण्णांसारखाच एक अमेरिकेतला माणूस. १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेलेला आर्किटेक्ट, आल्फ्रेड बट्स. त्यानं वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजली आणि त्यावरून स्क्रॅबलच्या सोंगट्या ठरवल्या. १०० सोंगट्यांत ई १२. क्यू आणि झेड एकेकच, पण गुण १०. एस मात्र चारच ठेवले, नाहीतर जो तो शेवटी एस चिकटवून मोकळा. वर्डलवाल्यांनी अनेकवचनं वगळली त्यात तोच शहाणपणा.

आणि वर्डलचं उत्तर सहसा ओळखीचं का निघतं, तर जॉश वॉर्डलनं खेळ केला त्याच्या जोडीदारासाठी, पलक शाह यांच्यासाठी. इंग्रजीतले बारा हजारांच्या आसपास पाच अक्षरी शब्द त्यांनी एकेक चाळले आणि ओळखीचे तेवढे ठेवले. २०२१ च्या १ नोव्हेंबरला खेळणारे ९० लोक होते, दोन महिन्यांनी तीन लाख. जानेवारी २०२२ संपताना न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला.

तिसरी_आडवी | मंगळवार, रात्री ९:५०

अण्णांनी तुम्हाला गृहपाठ दिलाय. इंग्रजीतलं सोलापूर घ्या, सात खिळे, एकही दोनदा नाही. एस-ओ-एल-ए-पी-यू-आर. त्यातून शब्द पाडा. (ते म्हणाले, जुन्या लेटरहेडांवर शोलापूर असायचं, मध्ये एच. "तो एक खिळा वाचला.")

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ९:५८

सोप, सूप, सोल, सोर, सार… नाही, सार मराठी झालं.

सांगोला_डाळिंब | मंगळवार, रात्री १०:०३

पाच अक्षरी: सोलर, पोलर, ओपल्स. आपल्या उन्हाला सोलर बरोबर आहे, पोलर कुठनं आला देव जाणे.

पार्कचौकी | मंगळवार, रात्री १०:१०

सहा अक्षरी: पल्सर!! ओ काढला की उरते पल्सर. सोलापुरात ज्याच्या त्याच्या बुडाखाली आहे. आकाशातला पल्सर तारा १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडला, आपल्या नावात आधीपासून होता.

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री १०:१२

काय करलालाव ओ सर, झोपा आता.

हुतात्मा_खिडकी | बुधवार, सकाळी ७:४०

सातही अक्षरांचा सापडला. कालची रात्र त्यात गेली. रीत साधी आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमे लावायची. सोलापूर लावलं की ए-एल-ओ-पी-आर-एस-यू. मग शब्दकोशातल्या सगळ्या सात अक्षरी शब्दांचं तसंच करायचं आणि जुळणारा बघायचा. एकच निघाला, 'पार्लस'. पी-ए-आर-एल-ओ-यू-एस. 'पेरिलस' म्हणजे धोक्याचा, त्याचंच मध्ययुगीन इंग्रजीत घासून झालेलं रूप. अर्थ: बिकट, वाईट अवस्थेतला.

पार्कचौकी | बुधवार, सकाळी ८:०५

निषेध.

विजापूरवेस | बुधवार, सकाळी ८:२२

निषेध कशाला, नळाला पाणी येतं त्या दिवशी सोलापूर आणि येत नाही त्या दिवशी पार्लस.

सांगोला_डाळिंब | बुधवार, सकाळी ९:१५

खिडकीसाहेबांची रीत वापरून मी आमचं गाव लावलं. सांगोल्याचं निघालं 'अ‍ॅनालॉग्ज', सातही अक्षरं. आणि एक ए काढला तर 'स्लोगन'! झाडी, डोंगार, हाटील… आमच्या गावाच्या नावातच होतं की ओ ते, २०२२ ला फक्त बाहेर पडलं.

शेंगाचटणी | बुधवार, सकाळी ९:३०

बार्शीचा आय काढला की 'ब्रॅश' उरतो. म्हणजे उद्धट. बार्शीकरांनी रागावू नये, मी फक्त खिळे हलवले.

बार्शीकर_साधा | बुधवार, सकाळी ९:३४

पहिल्यांदाच लिहितोय इथं. तीन वर्षं नुसता वाचत होतो. हे ऐकायला?

पार्कचौकी | बुधवार, दुपारी १२:४५

असं मराठीत करून पाहिलं वर्गात. गाडी पहिल्याच थांब्यावर अडकली. 'सोलापूर' किती अक्षरी? पोरं म्हणाली चार. बरोबर. पण संगणकाला विचारलं तर सात: स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार, र. योगायोगानं इंग्रजी सोलापूरही सातच. 'विद्यार्थी' आपल्याला तीन अक्षरी, संगणकाला दहा. मग हिरवा चौकोन नुसत्या 'द'ला द्यायचा की अख्ख्या 'द्या'ला, यावर तास संपला. एक पोरगी म्हणाली, काना वेगळा खेळवा, पिवळा काना, हिरवी मात्रा. मला ते आवडलं.

तिसरी_आडवी | बुधवार, दुपारी १:१०

अण्णा म्हणतात मराठी केसला घरं इंग्रजीच्या कितीतरी पट असायची, जोडाक्षरांचे निम्मे-अर्धे खिळे वेगळे. "तो खेळ काढलास तर मी येतो, पण चष्मा बदलून दे."

हुतात्मा_खिडकी | बुधवार, दुपारी १:१४

पहिला शब्द बदलला का त्यांनी?

तिसरी_आडवी | गुरुवार, सकाळी ७:०५

"या वयात पहिला शब्द बदलायचा?" असं म्हणाले. मी बदलला. आजचा निकाल: मी 'लेटर'नं सुरुवात करून पाच. अण्णा 'अदर'नं, तीन. नळ आलाय, ठेवते.